प्रमाणपत्र मिळालं, शिकवणं राहिलं

डिस्लेक्सियाच्या बाबतीत महाराष्ट्र एके काळी देशाच्या पुढे होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. केंद्राच्या 1995 सालच्या अपंगत्व कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिचाच एक प्रकार) त्यात कुठेच नव्हती. पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, राज्य सरकारनं अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिका रुग्णालयांत तपासणी होऊ लागली आणि ‘एलडी’ (लर्निंग डिसॅबिलिटी) ही दोन अक्षरं शिक्षकांच्या खोलीत रुळली.

सवलती भरघोस होत्या. पेपरला जादा वेळ, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, लेखनिक, एखादी भाषा सोडून कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा, दहावीच्या बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. ज्या मुलाला दर वर्षी ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं जाई, त्याला दहावीचा दाखला हातात मिळू लागला. हे काम लहान नव्हतं, आणि ते करणाऱ्या डॉक्टरांचे, पालकांचे उपकार मानायलाच हवेत.

पण तीस वर्षांचा आढावा घेताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. व्यवस्थेचं जवळपास सगळं बळ परीक्षेच्या टोकाला लागलं. दहावी जवळ आली की धावपळ सुरू होते, तपासणी होते, कागद मिळतो, मूल पास होतं. पहिली-दुसरीत अडखळणाऱ्या मुलाला वेगळ्या रीतीनं वाचायला कुणी शिकवायचं, हे मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नीट आलं नाही.

आजाराची (खरं तर हा आजार नव्हे, पण सुरुवात तशीच झाली) पहिली नोंद डॉक्टरांच्या वहीतली. 1887 साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञानं डिस्लेक्सिया हे नाव वापरलं, ते मेंदूला इजा झालेल्या प्रौढांसाठी. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सीची हकिगत छापली. पर्सी हुशार, खेळात पुढे, गणित ठीक. पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करायचा आणि त्याला ती कळायची नाही. सगळं तोंडी शिकवलं असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. आपल्याकडच्या सवलती बरोबर शंभर वर्षांनी आल्या.

मॉर्गनला वाटलं दोष नजरेच्या स्मृतीत असावा. हा समज अजून गेलेला नाही. मूल ‘ब’ आणि ‘व’ मध्ये गोंधळलं की घरचे आधी चष्म्याच्या दुकानात नेतात. अक्षरं उलटी काढणं पहिलीतल्या बहुतेक मुलांकडून होतं आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आपोआप कमी होतं. गेल्या पन्नासेक वर्षांच्या संशोधनानं बोट ठेवलंय ते आवाजावर. बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनी पकडणं, ते लक्षात धरणं आणि झटकन लिखित खुणेशी जोडणं, ही साखळी या मुलांत सावकाश आणि कष्टानं जुळते. मेंदूच्या डाव्या बाजूचे जे भाग वाचनात तरबेज होतात, त्यांचं काम वेगळं दिसतं. घराण्यात हे चालत येतं. 2022 साली नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सियाचं निदान झालेल्या पन्नास हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून जनुकसंचातल्या 42 जागा सापडल्या. म्हणजे एक ‘डिस्लेक्सियाचं जनुक’ नावाचं काही नाही. थोडं थोडं अनेक ठिकाणी आहे. लिखाणातली अडचण म्हणजे डिस्ग्राफिया आणि आकड्यांतली म्हणजे डिस्कॅल्क्युलिया. या बऱ्याचदा हातात हात घालून येतात, आणि सोबत लक्ष न टिकण्याचा त्रासही असू शकतो.

हे सगळं बहुतांशी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरून कळलेलं. मराठी वाचणाऱ्या मुलाचं काय होतं, इथे खरी मेख आहे.

इंग्रजीत एकाच अक्षरगटाचे पाच उच्चार होतात, म्हणून तिथे डिस्लेक्सिया लगेच उघडा पडतो. देवनागरीत लिहिलं तसं वाचायचं, त्यामुळे मराठीत हा त्रास नसतो, असं अनेक शिक्षक छातीठोकपणे सांगतात. 2001 साली सायन्स नियतकालिकात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज विद्यार्थ्यांची तुलना आली होती. इटालियन लिपीही लिहिलं तसं वाचायची. तिथल्या डिस्लेक्सिया असलेल्यांच्या चुका कमी होत्या. पण वाचन करताना मेंदूतला क्षीण भाग तिन्ही देशांत एकच होता. अर्थ असा की सरळ लिपीत मूल चुकत कमी असेल, पण दमतं तेवढंच. आपल्या शाळेत गुण चुकांचे कापतात, दमण्याचे नाही. मराठी माध्यमातलं असं मूल उतारा बरोबर वाचतं, फक्त इतरांचे तीन उतारे होईपर्यंत त्याचा एक होतो. आणि शेवटच्या ओळीला पोहोचेपर्यंत पहिलीत काय होतं ते निसटलेलं असतं. शेरा मिळतो: वाचता येतं, समजत नाही, अभ्यास करत नाही.

शिवाय ‘लिहिलं तसं वाचायचं’ हे म्हणायला सोपं. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग अर्धा स, मग थ. तोंडात क्रम स, थ, मग इकार. ‘पर्वत’मध्ये र आधी उच्चारायचा, पण तो पुढच्या व च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘प्रकाश’मध्ये तोच र प च्या पायात, ‘ट्रक’मध्ये काकपदासारखा खाली, आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि दरी एवढा फरक, पण तो कळायला एक बारीक रेघ नीट पाहावी लागते. एका र चं एवढं कौतुक! स्वरचिन्हं व्यंजनाच्या डावीकडे, उजवीकडे, वर, खाली अशी चारही बाजूंनी लागतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा उच्चारायचा, पण लिपी तसं सांगत नाही. ‘घर’ या शब्दातल्या शेवटच्या र चा अ गिळायचा, हेही कुठे लिहिलेलं नसतं. नुसत्या बाराखडीचीच अक्षरं चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरं वेगळी. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की अक्षरांवर पूर्ण हुकूमत यायला प्राथमिकची बहुतेक वर्षं लागतात, आणि तीही साध्या, कसलीच अडचण नसलेल्या मुलांना. कन्नडची घडण देवनागरीच्या जवळची आहे, त्यामुळे मराठीला हे बरंचसं लागू पडावं.

लिखाणात तर पंचाईतच. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, पण ‘मूल’ लिहायचं दीर्घ आणि ‘मुलाला’ ऱ्हस्व. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ‘कवी’ दीर्घ केला, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्वच राहिलं. संपादकांनाही कोश उघडावा लागतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची श्रुतलेखनाची वही पाहिली की ‘विद्यार्थी’चं ‘वीदयाथी’, ‘शिक्षक’चं ‘शीकशक’, ‘प्रकाश’चं ‘पकाश’ झालेलं दिसतं. नीट पाहिलं तर या चुका वेडगळ नाहीत. ‘शीकशक’ लिहिणाऱ्याला शब्दाचं एकूण ध्वनिरूप ठाऊक आहे. त्याचा हात अडकतो जोडाक्षराच्या गाठीशी. कुठली गाठ सोडवायची हे ती वहीच सांगत असते. आपण तिच्यावर लाल शाईनं गोल करतो आणि दहा वेळा लिहून आणायला सांगतो.

आकड्यांचंही मराठीत स्वतःचं दुखणं आहे. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी, लिहिताना चार आधी. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात वीस नि नऊ. शंभरपर्यंतच्या बहुतेक संख्यांचं नाव स्वतंत्र पाठ करावं लागतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा गहजब झाला! मराठी बुडाली, असं लेख लिहिणाऱ्यांनी ठरवून टाकलं. विधानसभेत नावांवरून कोट्या झाल्या. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, अडखळणाऱ्या मुलांसाठी आणखी एक वाट दिली आहे. त्या गदारोळात ज्या मुलांसाठी ती वाट होती त्यांच्याविषयी कुणी फारसं बोललं नाही. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलाला ‘चाळीस सात’ ऐकून 47 लिहिता येतात, ‘सत्तेचाळीस’ ऐकून 74 होतात. मला तरी हा बदल गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत समंजस वाटला होता.

आता प्रश्न येतो मोजणीचा. जगभरात साधारण पाच ते दहा टक्के मुलांत डिस्लेक्सिया असतो असं धरलं जातं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या बेळगावच्या अभ्यासात तिसरी-चौथीच्या मुलांपैकी सुमारे 15 टक्क्यांत कुठली ना कुठली अध्ययन अक्षमता आढळली. आकडा मोठा आहे, आणि तो वाचताना थोडं थांबावं लागतं. कारण आपल्याकडे न वाचणारी मुलं दोन प्रकारची आहेत: ज्यांना शिकवूनही जमत नाही ती, आणि ज्यांना नीट शिकवलंच गेलं नाही ती. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहण्यांत ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही असं वर्षानुवर्षं दिसतंय. एवढ्या सगळ्यांना डिस्लेक्सिया असणं शक्य नाही. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे तीन वर्षं चाललेल्या मराठी-कन्नड साक्षरतेच्या अभ्यासाचा अहवाल 2017 मध्ये आला. तिसरीपर्यंत येऊनही अनेक मुलं साधं वाचन करू शकत नव्हती. आणि वर्गांत बराचसा वेळ मुळाक्षरं नि बाराखडी गिरवण्यात जात होता, गोष्ट, बोलणं, अर्थ यांना जागा जेमतेम.

म्हणून पुढचं सगळं याच गाठीशी येऊन अडकतं. चांगलं शिकवल्याशिवाय कोण उरतं ते कळत नाही, आणि कोण उरतं ते कळल्याशिवाय कुणाला जादा मदत द्यायची ते ठरत नाही. मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी शाळेत मूल वाचत नसेल तर पालक समुपदेशकाकडे नेतात आणि ते एलडी ठरतं. द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तेच मूल नुसतं मागे पडलेलं असतं. तिथे चार इयत्ता दोघांत वाटून घेतलेल्या गुरुजींना कुणाला काय झालंय हे ओळखायला ना फुरसत, ना साधन.

साधन नाही असंही आता म्हणता येत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकारानं ‘डाली’ नावाची चाचणी तयार झाली. ती 2015 पासून उपलब्ध आहे, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही. शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणी, मानसशास्त्रज्ञांसाठी सविस्तर तपासणी, तीही मराठी मुलांच्याच कामगिरीवर बेतलेली. 2022 मध्ये एनसीईआरटीनं ‘प्रशस्त’ हे चाळणीचं ॲप आणलं. तरी बहुसंख्य शिक्षकांच्या हातात आजही स्वतःचा अंदाजच आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली. हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. अशा मुलांना शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीतच बदल करा, असं त्याच्या सोळाव्या कलमात साफ लिहिलंय. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करण्याचंही कलम आहे. मात्र कायद्याचा जो भाग जोमात चालला तो अपंगत्वाच्या टक्केवारीचा. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनं चाळणी करायची, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचण्यांनी निदान करायचं, आणि प्रमाणपत्र चौदाव्या नि अठराव्या वर्षी पुन्हा काढायचं. अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालतं. चाळीस टक्के भरले तर नोकरी-प्रवेशातलं आरक्षण, त्याखाली भरले तर नाही. शब्द फोडून वाचता न येण्याचे टक्के कसे काढतात, हे ऐकताना डॉक्टरही जरा चाचरतात.

त्यात बुद्ध्यंकाची अट. 85 च्या वर असेल तरच पुढची तपासणी. 70 ते 85 मधलं मूल मतिमंद नाही, एलडीही नाही; शाळेच्या भाषेत ते ‘स्लो लर्नर’, आणि त्याच्यासाठी काहीच नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेनं 2013 च्या नियमावलीतून बुद्ध्यंक आणि वाचन यांतल्या तफावतीची जुनी अट काढून टाकली. त्याआधी, 2011 मध्ये, मेंदूच्या चित्रांवरून दाखवून झालं होतं की वाचनात अडकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक कमी असो वा जास्त, अडचणीचं स्वरूप सारखंच. अट टिकून आहे ती सोयीसाठी, कुठेतरी रेघ मारायची म्हणून.

‘तारे जमीं पर’ हा चित्रपट डिसेंबर 2007 मध्ये आला आणि एका झटक्यात घरोघरी डिस्लेक्सिया हा शब्द पोहोचला. त्याचे लेखक अमोल गुप्ते यांचं हे ऋण मोठं आहे. चित्रपटात ईशानला वाळूत बोट फिरवून, मातीतून अक्षरं करून, पायऱ्यांवर उड्या मारत गणित शिकवलं जातं, आणि तो तपशील खरोखर बरोबर आहे. पण प्रेक्षकाच्या लक्षात राहिला तो शेवटचा चित्रकलेचा सामना. तेव्हापासून पालक विचारतात, ‘मग याच्यात काय खास आहे?’ बहुतेक मुलांत तसं खास काही नसतं. ती साधी मुलं असतात, आणि साधं असण्याचा त्यांनाही हक्क आहे. शिवाय ईशानला सोबत मिळालेल्या निकुंभ सरांनी जे काही गाण्याभरात साधलं, त्याला खऱ्या आयुष्यात दोन-तीन वर्षं लागतात.

काय उपयोगी पडतं याबद्दल आता फारसं दुमत नाही. ध्वनी ऐकण्याचे खेळ आधी: ‘सरपण’मधून स काढला तर काय उरेल? मग थोडी अक्षरं, पण लगेच मात्रांसकट आणि लगेच शब्दांत. रोज अर्धा-पाऊण तास, त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा, एकाच वेळी डोळा, कान, तोंड आणि हात वापरून. जोडाक्षरासाठी काही शिक्षिका अर्ध्या अक्षरांची पत्त्यांएवढी कार्डं करतात. ‘स्’चं कार्ड ‘थ’ला चिकटवायचं, वेलांटीची पट्टी वेगळी सरकवायची, म्हणजे डोळ्यांचा क्रम आणि तोंडाचा क्रम यांतला तिढा मुलाला हातानं सोडवता येतो. ऑर्टन-गिलिंगहॅम या अमेरिकी पद्धतीचा गाभा हाच, फक्त ती इंग्रजीसाठी बेतलेली. आपल्याकडे खासगी रेमेडियल वर्ग बहुतांशी तिच्यावरच चालतात, इंग्रजीतच चालतात, आणि मध्यमवर्गीयालाही जड जातात.

मराठीतून काही उभं राहिलंच नाही असं नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचन शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून मोजकी अक्षरं, मात्रा आणि मुलांचं स्वतःचं बोलणं यांतून सुरुवात होते. ती डिस्लेक्सियासाठी केलेली नाही, पण अडखळणाऱ्या मुलाला लागतं तेच तीत आहे. तिथल्या शाळेला नाव कमला निंबकरांचं. 1950 मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय त्यांनीच सुरू केलं. पेन्सिल धरताना हात आखडणाऱ्या मुलाला आज जी थेरपी सांगितली जाते, तिचं आपल्याकडचं मूळ तिथे आहे. सरकारी शाळांकडे समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून फिरतीवर येतात. एकेकाकडे इतक्या शाळा असतात की एका मुलाच्या वाट्याला महिन्यातून एखादी भेट येते. महिन्यातून एकदा पोहायला नेऊन कुणी पोहायला शिकत नाही.

सवलतींचीही एक गंमत आहे. त्यांत एक भाषा सोडता येते. इंग्रजी माध्यमात सुटते ती बहुधा मराठी किंवा हिंदी, आणि मुलाचा भार खरंच हलका होतो. मराठी माध्यमातल्या मुलाचा सगळा अभ्यासच मराठीत; त्याला माध्यम सोडता येत नाही. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पालक नववीतल्या मुलांच्या आईबापांच्या मिनतवाऱ्या करत फिरतात. आणि सोपं अंकगणित घेऊन दहावी झालेल्या मुलाला पुढे विज्ञान शाखेचं दार बंद झाल्याचं काही वेळा अकरावीच्या प्रवेशालाच कळतं. सवलत ही निवड आहे आणि तिला किंमत आहे, हे नववीतच सांगायला हवं.

वरच्या परीक्षांत भांडण कोर्टात गेलं. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के भरत नसले तरी लेखनिक द्यावाच लागेल. सोयीसुविधेचा हक्क टक्केवारीवर अडवता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात ‘नीट’ला बसलेल्या डिस्ग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला जादा वेळ नाकारणं चुकीचं ठरवलं गेलं. तिला फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. पहिला निकाल माझ्या मते 1996 नंतरचा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यानं गरज आणि प्रमाणपत्र यांची गाठ सैल केली.

मोठेपणी डिस्लेक्सिया जात नाही; माणूस त्याला वळसा घालायला शिकतो. अलीकडे वळसे वाढलेत. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ऐकण्याजोग्या प्रती करण्याची मुभा देणारा मराकेश करार मान्य करणारा भारत 2014 मध्ये पहिला देश ठरला, आणि त्या करारात वाचनाची अक्षमता असलेलेही येतात. 2017 पासून फोनवर मराठीत बोलून टाइप करता येतं. व्हॉट्सॲपवर सगळेच बोलून निरोप पाठवू लागल्यानं न लिहिणारा वेगळा दिसत नाही. बँकेतला फॉर्म, तहसीलमधला अर्ज, मुलाच्या शाळेची डायरी, इथे मात्र तो ‘चष्मा घरी राहिला’ असं सांगून कागद शेजारच्याकडे सरकवतो.

मुलाच्या तपासणीत घरातल्या कुणाला असा त्रास होता का, हे विचारतात. अनेकदा आई बोलत असते आणि बाप मध्येच सांगतो की मलाही वाचायला जमायचं नाही, म्हणून दहावीला सोडलं. त्याच्या वेळी कागद मिळण्याची सोय नव्हती. आज पोराला तो मिळेल हे त्याला सांगितलं जातं, कुठल्या रुग्णालयात, कुठल्या वारी जायचं तेही. तो विचारतो, याला वाचायला कुठे शिकवतील? त्याच्या तालुक्यातला एखादा पत्ता सांगायची वेळ आली की समोरचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणचं नाव घेतो, आणि बऱ्याचदा तेही पुण्याचं किंवा मुंबईचं निघतं.